ऑनलाइन उपक्रम अध्ययन निष्पत्तीशी कसा जुळवायचा?

शनिवार दुपार झाली की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक यायला लागतात. सहावीच्या स्तंभालेखावर प्रश्नमंजूषा, पाचवीच्या कालमापनावर खेळ, तिसरीच्या परिसर अभ्यासावर व्हिडिओ आणि शेवटी मुलाचं नाव घालून मिळणारं रंगीत प्रमाणपत्र. खाली अध्ययन निष्पत्तीचा, म्हणजे त्या इयत्तेच्या अखेरीस मुलाला काय यायला हवं ते सांगणाऱ्या वाक्याचा, कोडही दिलेला असतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. तरी यातले बरेच उपक्रम त्या निष्पत्तीपर्यंत पोचत नाहीत. इयत्ता जुळते, पाठ जुळतो, पण मुलाला करायला दिलेलं काम निराळंच निघतं. हे का होतं आणि कसं सुधारायचं, ते इथे उलगडून सांगते. लेख शिक्षकांसाठी आहे, पण मुलाला कुठलं अ‍ॅप लावून द्यावं अशा विचारात असलेल्या पालकांच्याही तो कामी येईल.

आधी निष्पत्ती आल्या कुठून ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. मूल शाळेत यावं आणि टिकावं याची तरतूद त्यात होती, पण अमुक इयत्तेच्या अखेरीस त्याला काय यायला हवं याची इयत्तावार यादी नव्हती. २०१७मध्ये केंद्राने नियमांत बदल केला आणि आठवीपर्यंत प्रत्येक इयत्तेच्या, प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती ठरवणं बंधनकारक झालं. एनसीईआरटीने त्याच वर्षी प्राथमिक स्तराच्या निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे त्या बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर छापलेल्या सापडतील. कोडमधले पहिले दोन आकडे इयत्तेचे, मधले विषयाचे आणि शेवटचे त्या निष्पत्तीच्या क्रमांकाचे. मुलं ती पानं उलटून पुढे जातात आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही तेच करतात.

२०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२३चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आल्यावर मांडणी थोडी बदलली. आता वर ध्येयं, त्याखाली क्षमता आणि त्याखाली निष्पत्ती अशी उतरंड आहे. महाराष्ट्रात नवा अभ्यासक्रम २०२५-२६पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येतो आहे. म्हणजे काही वर्षं एकाच शाळेत एका वर्गाला नवी यादी आणि वरच्या वर्गाला जुनी यादी चालेल. कोड पाठ करण्यात म्हणूनच अर्थ नाही. उपक्रम निष्पत्तीला कसा जोडायचा ही रीत हाताशी असली की यादी कुठलीही चालते.

रीत तीन गोष्टींवर उभी आहे: निष्पत्ती काय म्हणते, मूल काय करतं आणि त्याने ते केलं याचा पुरावा काय उरतो. जॉन बिग्ज या शिक्षणतज्ज्ञाने १९९६मध्ये उच्च शिक्षणाच्या संदर्भात हा विचार नीट मांडला. त्याचं सांगणं असं की उद्दिष्ट, शिकण्याची कृती आणि मूल्यमापन या तिन्ही ठिकाणी मुलाकडून एकच गोष्ट घडली पाहिजे. शाळेच्या वर्गाला, मग तो फळ्यासमोरचा असो की मोबाइलवरचा, हे तंतोतंत लागू पडतं.

क्रियापद शोधा

निष्पत्तीचं वाक्य वाचताना आपली नजर नामांवर जाते. स्तंभालेख, तंतू, अक्षांश, पोषण. ती नामं पाठाच्या नावाशी जुळली की आपण समाधानी होतो आणि टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आखणीत, कोड लिहून मोकळे होतो. कामाची गोष्ट वाक्याच्या शेवटी असते. वर्गीकरण करतात, मोजतात, साधा प्रयोग करून उत्तर शोधतात, नावं देऊन आकृती काढतात, कारण सांगतात. मुलाला नेमकं हेच करायला मिळालं का, एवढं बघायचं.

सहावीच्या विज्ञानात गुणधर्मांवरून वस्तूंमधला फरक ओळखणं अपेक्षित आहे. ‘तांबे विद्युतवाहक आहे की विद्युतरोधक?’ या प्रश्नाला दोनपैकी एक पर्याय निवडणारं मूल फक्त आठवतं आहे. घरातल्या दहा वस्तूंचे फोटो देऊन ‘यांचे गट करा आणि कोणत्या गुणधर्मावरून केले ते लिहा’ असं सांगितलं की ते वर्गीकरण करतं. दुसऱ्या कामाला कुठलंही वेगळं अ‍ॅप लागत नाही, वहीचं एक पान पुरतं.

बेंजामिन ब्लूम यांनी १९५६मध्ये मांडलेली आणि २००१मध्ये इतर अभ्यासकांनी सुधारलेली शिकण्याच्या पायऱ्यांची उतरंड डी.एड., बी.एड. झालेल्या सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेली असते: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती इथे. निष्पत्ती विश्लेषणाच्या पायरीवर असेल आणि उपक्रम स्मरणाच्या, तर मुलाला दहापैकी दहा मिळूनही शिक्षकाला काहीच कळलेलं नसतं. ऑनलाइन साधनं स्मरणाकडे फार ओढतात, कारण स्मरणाचे प्रश्न यंत्राला आपोआप तपासता येतात. माझ्या मते बहुतेक गडबड इथून सुरू होते. तपासायला सोपं म्हणून एक प्रकारचे प्रश्न निवडले जातात आणि मग त्यांनाच अभ्यास म्हटलं जातं.

एक उपक्रम जवळून

सहावीच्या गणितातला स्तंभालेख घेऊ. निष्पत्तीचा आशय असा की मुलं मिळवलेली माहिती सारणीत, चित्रालेखात, स्तंभालेखात मांडतात आणि तिचा अर्थ लावतात. म्हणजे दोन कामं आहेत, मांडणं आणि अर्थ लावणं. ग्रुपवर फिरणाऱ्या प्रश्नमंजूषेत आयता आलेख दिलेला असतो आणि ‘सर्वांत उंच स्तंभ कोणता?’ असं विचारलेलं असतं. मांडण्याचा भाग त्यात नाहीच आणि अर्थ लावण्याचाही अगदी वरवरचा.

मुंबईत जुलैमध्ये याच पाठाला पाऊस घेता येतो. हवामान खात्याच्या दोन वेधशाळा आहेत, एक कुलाब्याला आणि एक सांताक्रूझला, आणि पावसाळ्यात दोन्हींचे चोवीस तासांचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. मुलांना सात दिवसांचे आकडे टिपायला सांगायचे. ज्यांना जमेल त्यांनी घरी स्वतः पाऊस मोजायचा. उभ्या सरळ भिंतींचा एखादा डबा उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी आतल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची. भिंती सरळच हव्यात. वर रुंद होत जाणारा पेला ठेवला तर आकडा फुगतो. कारण विचारलं की मुलं बरोबर सांगतात, तोंड मोठं आणि बूड लहान म्हणून. चाळीत किंवा टॉवरमध्ये राहणाऱ्या अनेकांना उघडी जागाच मिळत नाही, गच्चीला कुलूप असतं आणि खिडकीवर छज्जा. त्यांनी वेधशाळेचे आकडे घ्यावेत. खिडकीतून वाकून डबा ठेवायचा नाही, हे स्पष्ट सांगावं लागतं.

आकडे ऑनलाइन सामायिक तक्त्यात भरले की सगळ्या वर्गाची सारणी तयार होते, दादरचा पाऊस आणि मालाड-मालवणीचा पाऊस शेजारीशेजारी. एकट्या मुलाला किंवा चार भिंतींतल्या वर्गाला हे इतक्या सहज जमलं नसतं, म्हणून इथे ऑनलाइन असण्याला अर्थ आहे. मात्र याच तक्त्यात एक बटण दाबलं की आलेख आपोआप तयार होतो आणि तिथे निष्पत्ती हातची जाते. प्रमाण, म्हणजे १ सेंटीमीटरला किती पाऊस दाखवायचा ते, ठरवण्याचं काम यंत्राने केलं, मग मुलाने काय केलं? म्हणून आलेख आलेख-कागदावर हाताने काढायचा आणि त्याचा फोटो पाठवायचा.

प्रमाणाचा प्रश्न मुलांसमोर नीट उभा करायचा असेल तर २६ जुलै २००५चे आकडे द्यावेत. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७४. आता १ सेंटीमीटरला १० मिलिमीटर असं प्रमाण घेतलं तर सांताक्रूझचा स्तंभ ९४ सेंटीमीटरपेक्षा उंच होतो, कागद संपून टेबलाखाली जातो. १ सेंटीमीटरला १०० मिलिमीटर घेतलं तर तो साडेनऊ सेंटीमीटरच्या आत बसतो, पण कुलाब्याचा पाऊण सेंटीमीटरही भरत नाही. मुलं खोडतात, पुन्हा आखतात, एकमेकांना विचारतात. मग प्रश्न टाकायचा: एकाच शहरात, एकाच दिवशी एवढा फरक असेल तर ‘मुंबईत आज इतका पाऊस झाला’ असं म्हणताना आपण कुठला आकडा सांगायचा? याचं एकच उत्तर नाही. पण मुलाला उत्तर देण्यासाठी आलेखाकडे पुन्हा बघावं लागतं, आणि अर्थ लावणं म्हणतात ते हेच.

पुरावा म्हणून तीन गोष्टी उरतात: सारणी, आलेखाचा फोटो आणि ‘हे प्रमाण का घेतलं?’ या प्रश्नाला मुलाने पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा आवाज. शेवटची गोष्ट सोडू नये. आलेख ताईने काढून दिला असेल तर आवाजात ते लगेच कळतं. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदवहीत वर्णनात्मक नोंद करायलाही त्यातून खरा मजकूर मिळतो. ‘उपक्रमात सहभागी होतो’ या वर्षानुवर्षं चालत आलेल्या वाक्याऐवजी ‘प्रमाण बदलून पाहतो, कारण सांगू शकतो’ असं लिहिता येतं.

प्रश्नमंजूषा वाईट नसते

वरच्या मजकुरावरून प्रश्नमंजूषा टाकाऊ आहेत असं कुणी समजू नये. चांगली प्रश्नमंजूषा पंधरा मिनिटांत अख्ख्या वर्गाची नाडी दाखवते. तिचा जीव चुकीच्या पर्यायांत असतो.

पाचवीचं कालमापन घ्या. गाडी १० वाजून ४८ मिनिटांनी सुटली आणि ११ वाजून ३१ मिनिटांनी पोचली, प्रवासाला किती वेळ लागला? बरोबर उत्तर ४३ मिनिटं. चुकीचे पर्याय म्हणून ४२ आणि ४५ दिले तर चुकलेल्या मुलाबद्दल काही कळणार नाही. त्याऐवजी ८३ मिनिटं आणि १ तास १७ मिनिटं हे पर्याय ठेवा. ८३ निवडणाऱ्या मुलाने ११३१मधून १०४८ वजा केले आहेत, म्हणजे तासाची शंभर मिनिटं धरली आहेत. १ तास १७ निवडणाऱ्याने तासांतून तास वजा केले आणि मिनिटांत मोठ्यातून लहान संख्या काढून टाकली. दोघांची उत्तरं चुकली, पण दोघांना सोमवारी वेगवेगळं शिकवायचं आहे. गूगल फॉर्मच्या सारांशात कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते गोल आलेखात दिसतं. तो आलेख न बघता फक्त गुणांची यादी उतरवून घेतली तर सगळी मेहनत वाया.

एका प्रश्नमंजूषेत एकच निष्पत्ती ठेवावी, फार तर दोन. वीस प्रश्न आणि सात निष्पत्ती असा खिचडी मामला झाला की प्रत्येक निष्पत्तीच्या वाट्याला दोन-तीन प्रश्न येतात आणि त्यावरून मुलाबद्दल काही ठामपणे म्हणता येत नाही. टाचणावर सात कोड दिसले की काम भारदस्त वाटतं, म्हणून हा मोह होतो.

जिथे ऑनलाइन वर्गापेक्षा सरस ठरतं

लहान मुलांना वाचन आणि साधं गणित यावं यासाठीचं केंद्राचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत हे त्यातलं एक लक्ष्य. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं एक मिनिट वाचन ऐकायचं म्हटलं तरी पूर्ण तासिका जाते आणि उरलेली एकोणचाळीस मुलं तेवढा वेळ काय करणार हा प्रश्न राहतोच. हेच वाचन आवाजाच्या नोंदीत मागवलं तर शिक्षकाला घरी, लोकलमध्ये कानाला इअरफोन लावून ऐकता येतं, पुन्हा ऐकता येतं आणि जूनची नोंद जानेवारीच्या नोंदीशेजारी ठेवता येते. मूलही स्वतःचं वाचन ऐकतं, अडखळलेलं पुसून पुन्हा वाचतं. तो सराव फुकटचा मिळतो. माझ्या वर्गात हात वर न करणारी मुलं या नोंदींमध्ये मोकळेपणाने वाचतात.

इथेही क्रियापद विसरायचं नाही. लक्ष्य ‘समजून’ वाचण्याचं आहे. नुसते शब्द मोजले तर मुलं धाप लागेपर्यंत पळत वाचतात. म्हणून वाचनानंतर दोन प्रश्न हवेत आणि त्यातला एक तरी असा, ज्याचं उत्तर उताऱ्यातल्या एखाद्या वाक्यात जसंच्या तसं सापडत नाही. आणि या नोंदी पालकांच्या मोठ्या ग्रुपवर मागवू नयेत, शिक्षकाकडे थेट पाठवायला सांगाव्यात. अडखळत वाचणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाचा आवाज साठ घरांत वाजायचं काहीच कारण नाही.

उलट काही निष्पत्ती ऑनलाइनला देऊच नयेत. पेन्सिल धरणं, अक्षराचं वळण, गटात वाद घालून एकमत करणं, मैदानावरचा खेळ. यांचा व्हिडिओ करून ‘उपक्रम पूर्ण’ असा शेरा मारणं म्हणजे निष्पत्तीची फसवणूक आहे. ते शाळेतल्या वेळेसाठी राखून ठेवावं आणि ऑनलाइन वेळ जिथे खरोखर काही मिळतं तिथे वापरावा.

फोन एक, भावंडं दोन

मुंबईत या सगळ्याला एक व्यावहारिक अट आहे. दहा बाय दहाच्या खोलीत फोन एक असतो आणि तो बाबांबरोबर कामावर जातो. रात्री नऊला तो घरी येतो तेव्हा धाकटी झोपलेली असते आणि थोरल्याला आठवीचा अभ्यास असतो. मार्च २०२० नंतरच्या बंद शाळांच्या काळात हे सगळ्यांना लख्ख दिसलं. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग थेट १५ डिसेंबर २०२१ला उघडले, तोवर किती मुलं स्क्रीनवर नुसती नावापुरती हजर होती हे शिक्षकांना ठाऊक आहे.

निष्पत्ती कुठेही फोनचं नाव घेत नाही. मुलाने वर्गीकरण करावं, मोजावं, कारण सांगावं एवढंच ती म्हणते. म्हणून उपक्रमाचं मुख्य काम वहीत आणि घरात होईल आणि फोन शेवटची पाच मिनिटं फोटो किंवा आवाज पाठवायला लागेल, अशी आखणी करावी. ठरावीक वेळेला सगळ्यांनी हजर राहण्याची सक्ती फक्त चर्चेसाठी ठेवावी. आणि मुदत एका रात्रीची कधीच नको, किमान तीन दिवसांची हवी.

महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमीळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. गणित-विज्ञानाच्या निष्पत्ती सगळीकडे त्याच. पावसाचा उपक्रम एका शाळेने नीट बसवला तर सूचना बदलून तो बाकी सात माध्यमांत जाऊ शकतो. प्रत्येकाने शून्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही.

पालकांसाठी थोडं वेगळं. मुंबईत एकाच मजल्यावर राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसईची मुलं राहतात आणि अ‍ॅपच्या जाहिरातीत ‘अभ्यासक्रमाशी सुसंगत’ असा शिक्का सगळ्यांसाठी सारखाच मारलेला असतो. त्या शिक्क्यावर विसंबू नका. मुलाच्या पुस्तकातलं निष्पत्तींचं पान उघडा, त्यातली एक निवडा, अ‍ॅपवरचा त्याच पाठाचा उपक्रम स्वतः करून बघा आणि तुम्ही हाताने, डोक्याने काय केलं ते कागदावर लिहा. ‘टिचकी मारली, टिचकी मारली, व्हिडिओ पाहिला’ एवढंच लिहिता आलं आणि पुस्तकात ‘तुलना करतात’ असं असेल, तर पैसे भरायची घाई नको. अ‍ॅप मुलाचं नाव, आवाज, फोटो मागत असेल तर तेही बघा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे.

वर्षाचा तक्ता

एकेक उपक्रम जुळला तरी वर्ष जुळेलच असं नाही. मराठीच्या निष्पत्ती एका रकान्यात आणि महिने वरच्या ओळीत असा साधा तक्ता करून प्रत्येक ऑनलाइन उपक्रमाची त्यात खूण केली की चित्र समोर येतं. वाचन आणि व्याकरणाच्या ओळी खुणांनी भरून जातात. ऐकणं आणि बोलणं यांच्या ओळी कोऱ्या राहतात. ‘ऐकलेल्या गोष्टीवर आपलं मत मांडतात’ अशा आशयाची निष्पत्ती सहामाहीपर्यंत एकदाही हाताळली गेलेली नसते, कारण तिची प्रश्नमंजूषा बनत नाही.

हा तक्ता दिवाळीच्या सुट्टीआधी बघावा, मार्चमध्ये बघून उपयोग नाही. कोऱ्या ओळींसाठी दुसऱ्या सत्रात फार काही करावं लागत नाही. आजीला लहानपणच्या मुंबईबद्दल दोन प्रश्न विचारा, तिचं उत्तर ऐका आणि त्यातलं तुम्हाला काय पटलं, काय पटलं नाही ते एका मिनिटात बोलून पाठवा. ज्यांच्या घरी आजी नाही त्यांनी इमारतीच्या वॉचमनकाकांना किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना विचारावं. ऐकणं झालं, प्रश्न विचारणं झालं, मत मांडणंही झालं, आणि फोन लागला एका मिनिटापुरता.